चौकातला वार्ताफलक पुन्हा सुरू करताना : जून २०२५ ते जानेवारी २०२६ च्या नोंदी

८ जून २०२५

आमचं शहर मोठ्या शहराच्या कडेला वसलेलं, क वर्ग नगरपरिषदेचं. म्हणजे लोकसंख्या चाळीस हजारांच्या आत. सकाळी निम्मं गाव कामाला बाहेर पडतं आणि रात्री झोपण्यापुरतं परत येतं. वर्तमानपत्रांच्या जिल्हा पुरवणीत आमच्या वाट्याला अपघात आणि शुभेच्छांच्या जाहिराती येतात. नगरपरिषदेवर गेली काही वर्षं प्रशासक आहे. नगरसेवक नाहीत, त्यामुळे गटार तुंबलं तर विचारायचं कुणाला, इथपासून सुरुवात. मोठ्या शहरांत निदान प्रभाग समित्या असतात. राज्यघटनेने त्या तीन लाख आणि त्यावरच्या लोकसंख्येला बंधनकारक केल्या आहेत, आमच्यासारख्यांना नाहीत.

महिन्याला चार पानी अंक छापायचा, असा पहिला विचार होता. तो मागे पडला. १ मार्च २०२४ पासून नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा लागू झाला आहे, १८६७ चा जुना गेला. ठरावीक काळाने सार्वजनिक बातम्या छापून वाटायच्या तर शीर्षक घ्या, नोंदणी करा, प्रकाशक कोण ते ठरवा. त्यात वर्ष गेलं असतं आणि उत्साहही. वाचनालयाच्या बाहेरच्या भिंतीवर पूर्वी वार्ताफलक होता, त्याचे खिळे अजून भिंतीत आहेत. तोच पुन्हा लावायचं ठरलं. हाताने लिहिलेली एकच प्रत, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांसाठी.

१५ जून

जागा. चौकातल्या विजेच्या खांबाला किंवा दुभाजकाला फलक बांधण्याची सूचना आली. ते करू नका. मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधाचा १९९५ चा कायदा आहे, परवानगीशिवाय लावलेलं काहीही उतरवलं जाऊ शकतं आणि गुन्हाही दाखल होतो. वाचनालयाची भिंत वाचनालयाच्या मालकीची. कार्यकारिणीने ठराव केला, त्याची सही-शिक्क्याची प्रत घेऊन ठेवली. कुणी हे काम करणार असेल तर ही प्रत आधी घ्या, तोंडी होकारावर फळा टांगू नका. कार्यकारिणी बदलली की होकारही बदलतो.

२९ जून

सुतारकामात आठवडा गेला. घरात पडून असलेला कमर्शियल प्लाय एका सभासदाने दिला होता. आठ बाय चारचा अख्खा तुकडा, फुकट. पहिल्याच मोठ्या पावसात कडा फुगल्या आणि वरचा पापुद्रा सुटला. वॉटरप्रूफ प्लाय आणावा लागला. वरती पत्र्याची वळचण, खाली लाकडी पट्टी, बाजूला खडू ठेवायचा कप्पा. दोन्ही प्लायचा, सुताराच्या मजुरीचा आणि रंगाचा हिशेब धरता सुरू करण्याचा खर्च साडेसहा हजारांच्या घरात गेला. तो सहा जणांनी पदरमोड करून भागवला. राजकीय पक्षाकडून किंवा ठेकेदाराकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवलं होतं.

रंगाबद्दल एक गोष्ट. रंगाऱ्याने साधा काळा ऑइलपेंट मारला. तो चकाकतो, त्यावर खडू घसरतो आणि दिवसा उजेडात अक्षर दिसत नाही. पॉलिश पेपरने घासून त्यावर फळ्याचा मॅट रंग दोन हात मारला. वाळल्यावर लगेच लिहायचं नसतं. खडू आडवा धरून पूर्ण फळा पांढरा करायचा, कोरड्या फडक्याने पुसायचा, मग लिहायचं. नाहीतर पहिली अक्षरं कायमची राहतात. हे शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या आमच्या सरांनी सांगितलं. फलकावरचं अक्षरही त्यांचंच.

३० जून, सोमवार

लिहायचं काय, हा खरा प्रश्न. ऐकीव काहीही लिहायचं नाही, कागद पाहिल्याशिवाय खडू हातात घ्यायचा नाही, हे ठरलेलं. म्हणून आज नगरपरिषदेत गेलो.

नोव्हेंबर २०१८ चा शासन निर्णय आहे: दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात, त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागत नाही. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. टेबलावरच्या भाऊसाहेबांच्या कानावर हे बहुतेक आलं नव्हतं.

"त्यासाठी माहिती अधिकारात टाका ना."

"शासन निर्णयाची प्रत आणली आहे, भाऊसाहेब. तुम्ही वाचून घ्या सावकाश. आम्ही बसतो."

त्यांनी खरंच वाचली. आत जाऊन आले, खुर्ची दिली आणि बांधकाम विभागाचं कपाट उघडलं. हे मुद्दाम लिहितो आहे. आवाज चढवून गेलो असतो तर दार तिथेच बंद झालं असतं. मोबाईलवर फोटो काढायला मात्र नकार मिळाला, म्हणून वहीत उतरवून घेतलं.

काय उतरवायचं ते ठरवून जा, दोन तास भुर्रकन जातात. आम्ही एकाच कामाची फाईल मागितली: बाजारपेठेमागच्या गल्लीचा काँक्रीट रस्ता. कामाचं पूर्ण नाव, निधी कोणत्या योजनेचा, अंदाजपत्रकाची रक्कम, कार्यारंभ आदेशाची तारीख, कामाची मुदत, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे दोष दायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने किती काळ दुरुस्त करून द्यायचं ते. मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवलेली वही, "साहेबांकडे आहे" असं उत्तर मिळालं.

७ जुलै

मोजमाप पुस्तिकेसाठी आणि अंदाजपत्रकाच्या प्रतीसाठी माहिती अधिकारात अर्ज दिला. जोडपत्र 'अ', त्यावर १० रुपयांचं कोर्ट फी स्टँप. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत असावा लागतो. पाणी, रस्ता, दिवे असं सगळं एका अर्जात कोंबलं तर एका विषयाचं उत्तर येतं आणि बाकीचं उडतं. "का केलं नाही?" असं विचारू नये, अमुक कागदाची प्रत द्या, असं मागावं. आवक विभागातून स्थळप्रतीवर, म्हणजे आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर, शिक्का आणि तारीख घेतली. पुढचं सगळं त्या तारखेवर उभं राहतं.

१२ जुलै

पहिला फलक लागला. वहीत होतं ते सगळं लिहिलं: लेखाशीर्ष, रक्कम, तांत्रिक मंजुरीचा क्रमांक, तारखा. फळा गच्च भरला. लोक येता-जाता मान वळवत होते, पण थांबत कुणी नव्हतं.

१९ जुलै

फलक पूर्ण बदलला. आता एका आठवड्याला एकच मुख्य बातमी, पाच ओळींत. पहिल्या ओळीत गल्लीचं नाव, दुसरीत काम आणि रक्कम, तिसरीत काम कधी संपायला हवं, चौथीत बिघडल्यास कुणाकडे आणि कधीपर्यंत तक्रार करायची, पाचवीत आम्ही कोणता कागद कोणत्या तारखेला पाहिला. मथळ्याचं अक्षर तीन इंच, मजकुराचं दीड इंच. त्याहून बारीक अक्षर रस्त्यापलीकडून वाचता येत नाही.

पाचवी ओळ आमच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाची. "सूत्रांकडून समजते" हा शब्दप्रयोग या फळ्यावर कधी येणार नाही.

२७ जुलै

रात्रीतून कुणीतरी मजकूर पुसून एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहिल्या. सरांनी न बोलता पुसल्या आणि बातमी पुन्हा लिहिली. वाचनालयाच्या मॅडमनी सुचवलं की फळ्याला काचेचा सरकता दरवाजा करू या. त्याचा दर विचारला, अडीच हजार. सध्या परवडत नाही. तारेच्या जाळीची झडप आणि कुलूप यात भागवलं.

दुसरी सूचनाही त्यांचीच आणि तिने फलकाचं नशीब पालटलं. त्या म्हणाल्या, "जुन्या फलकावर लोक कशासाठी थांबायचे आठवतंय का? निधन वार्ता. कोण गेलं, अंत्ययात्रा किती वाजता, कुठून." आम्हा काही जणांना ते पटत नव्हतं, नगरपरिषदेच्या कारभाराचा फलक आहे, त्यात हे कशाला, असा सूर होता. तरी खालची एक फूट पट्टी मोकळी सोडली: निधन, हरवले-सापडले, रक्तदान, पाणी येण्याची बदललेली वेळ. निधनाची बातमी घरच्यांनी येऊन सांगितली तरच लिहायची.

१० ऑगस्ट

पट्टीचा परिणाम दिसतो आहे. पेपर टाकणारी मुलं, दूधवाले, सकाळी फिरायला जाणाऱ्या आज्या, सगळे आधी खाली बघतात आणि मग नजर वर जाते. रस्त्याच्या कडेच्या नव्या सोसायट्यांतले लोक कधी थांबत नव्हते. एका सोसायटीतल्या मुलाचं दप्तर रिक्षात राहिलं, ते या पट्टीमुळे मिळालं. तेव्हापासून त्या सोसायटीचे सचिव दर शनिवारी फलकाचा फोटो काढून त्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतात. फोटोच्या सोयीसाठी आता वरच्या कोपऱ्यात तारीख मोठी लिहितो. तारीख नसलेला फोटो महिनाभर फिरत राहतो आणि जुनी पाणीकपात नवी म्हणून लोकांना घाबरवते. हे एकदा घडलं आहे.

१८ ऑगस्ट

माहिती अधिकाराच्या अर्जाला ३० दिवस उलटून गेले, उत्तर नाही. प्रथम अपील दिलं: जोडपत्र 'ब', २० रुपयांचं स्टँप. अपिलात एक मुद्दा ठळक लिहिला. मुदतीत माहिती दिली नाही तर कायद्याच्या कलम ७(६) प्रमाणे ती विनामूल्य द्यावी लागते. एरवी पानाला २ रुपये पडतात.

२३ ऑगस्ट

निवडणुकीची प्रारूप प्रभागरचना प्रसिद्ध झाली. नकाशा नगरपरिषदेत लावला आहे, पण चतुःसीमा सरकारी भाषेत: "नाल्याच्या मध्यातून उत्तरेस, तेथून सर्व्हे नंबरच्या हद्दीने." वाचून कुणालाही आपलं घर सापडणार नाही. सरांनी फळ्यावर साधा नकाशा काढला. देऊळ, शाळा, पाण्याची टाकी, नाला, आणि त्यावर रंगीत खडूने प्रभागांच्या रेषा. आजपर्यंतचा सगळ्यांत जास्त वाचला गेलेला फलक हाच. लोक बोट ठेवून आपली गल्ली शोधत होते. नंतरची भर : हरकतींसाठी दिवस थोडे होते, तेवढ्यात नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या लोकांनी लेखी हरकत दिली. ती मान्य झाली नाही. पण सुनावणीला ते स्वतः गेले, त्यांनी आपलं म्हणणं मांडलं आणि त्याची नोंद कागदावर आली.

१३ सप्टेंबर

अपिलाची सुनावणी होऊन आदेश झाला. अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेच्या प्रती मिळाल्या, कलम ७(६) मुळे फुकट.

रस्त्याच्या कामात गटारावरची झाकणं धरलेली होती. मोजमाप पुस्तिकेतही ती दाखवली होती. प्रत्यक्षात गल्लीच्या अर्ध्या लांबीत झाकणं नाहीत. याच उघड्या गटारात पावसाळ्यात एका आजींचा पाय गेला होता. गल्लीतल्या लोकांना सोबत घेऊन टेप लावून मोजलं, कुठून कुठपर्यंत झाकणं नाहीत ते चित्रात मांडलं. फलकावर आरोप केला नाही. "पुस्तिकेत इतकी झाकणं, जागेवर इतकी, मोजणी अमुक तारखेला गल्लीतल्या रहिवाशांसमक्ष" एवढंच लिहिलं. त्याच मजकुराचं निवेदन मुख्याधिकाऱ्यांना दिलं, रहिवाशांच्या सह्यांसह.

२८ सप्टेंबर

झाकणं बसली. ठेकेदाराची माणसं सकाळीच आली, आदेश वरून आला असं म्हणाली. फलकावर तसंच लिहिलं: काम पूर्ण, तारीख, आणि नगरपरिषदेचे आभार. आभार मनापासून आहेत. काम झाल्याची बातमी लिहायला आम्ही विसरलो, तर पुढच्या वेळी कपाट उघडणार नाही, आणि ते योग्यही नाही. कचरा उचलणाऱ्या कर्मचाऱ्यांनी पावसात केलेल्या कामाची बातमी आम्ही याच जागेवर, याच आकारात लिहिली होती.

११ ऑक्टोबर

प्रारूप मतदारयाद्या आल्या. वाचनालयात टेबल मांडून बसलो आहोत, संध्याकाळी सात ते नऊ.

इथे सगळ्यांत जास्त गोंधळ आहे, म्हणून सविस्तर लिहितो. नगरपरिषदेची यादी वेगळी तयार होत नाही. १ जुलै २०२५ ची विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांत विभागली आहे. त्यामुळे या टप्प्यावर नवं नाव घालता येत नाही आणि काढताही येत नाही. विधानसभेच्या यादीत नाव आहे पण इथे गळलं, चुकीच्या प्रभागात गेलं, किंवा लेखनिकाची चूक आहे, एवढ्याच हरकती चालतात. हे माहीत नसल्यामुळे नुकतेच राहायला आलेले कितीतरी जण कागदांच्या फाइली घेऊन कार्यालयात गेले आणि हात हलवत परत आले. टेबलावर आलेल्यांनाही हे सांगताना जिवावर आलं. त्यांच्यासाठी विधानसभेच्या नोंदणीचा नमुना ६ ठेवला. या निवडणुकीत नाही, पण पुढे नाव असेल.

खरी अडचण निघाली ती आमच्या मागच्या वस्तीत. एका गल्लीची पूर्ण एक बाजू शेजारच्या प्रभागात गेली होती. एकेकाने हरकत देण्यापेक्षा गल्लीची यादी अनुक्रमांकांसह एका कागदावर केली आणि प्रत्येकाचा स्वतंत्र अर्ज त्याला जोडला. नंतरची भर : मध्येच मुदत वाढली म्हणून हे जमलं. अंतिम यादीत ती बाजू आपल्या प्रभागात परत आली.

५ नोव्हेंबर

काल कार्यक्रम जाहीर झाला आणि आचारसंहिता लागली. मतदान २ डिसेंबरला. फलकापुरते नियम लिहून जाळीच्या आत लावले: उमेदवाराचं नाव नाही, पक्ष नाही, चिन्ह नाही, सभेची जाहिरात नाही. निवडणुकीत उभ्या असलेल्या किंवा प्रचार करणाऱ्या माणसाने तोवर फलकाच्या कामात राहायचं नाही. आमच्यातले एक जण त्यामुळे बाजूला झाले. ते कामाचे होते, त्यांची उणीव भासते.

या काळात फलकावर फक्त मतदानाची माहिती. द्विसदस्यीय प्रभाग म्हणजे दोन नगरसेवकांसाठी दोन मतं आणि थेट नगराध्यक्षासाठी एक, अशी तीन मतं द्यायची. विधानसभेला एकच बटण दाबायची सवय, त्यामुळे हे चित्र काढून दाखवलं.

२ डिसेंबर

दुपारीच "उद्या मतमोजणी, सकाळी दहा" असं लिहून ठेवलं होतं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशाने मोजणी २१ डिसेंबरला गेली. संध्याकाळी पुसून नवं लिहिलं. लोक येऊन विचारत होते, "खरंय का?" त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं, तरी फळ्यावर बघायला आले.

१८ जानेवारी २०२६

नव्या परिषदेच्या पहिल्या सभेला बसायला गेलो. उपनगराध्यक्षांची निवड आणि स्वीकृत, म्हणजे थेट निवडणुकीशिवाय घेतले जाणारे सदस्य, एवढाच विषय होता. सभा नागरिकांना खुली असते, पण बसायला जागा चार-पाच खुर्च्यांची. जास्त लोक आले तर काय, याचं लेखी उत्तर मागितलं आहे.

आता फलकावर नवी ओळ सुरू केली: सभेची विषयपत्रिका, सभेच्या आधी. इतिवृत्त कायम होऊन हाती येईपर्यंत महिना-दीड महिना जातो आणि तोवर ठराव होऊन गेलेला असतो. विषयपत्रिका आधी कळली तर आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांना गाठून बोलता येतं. दोन नगरसेवकांनी ती स्वतःहून पाठवण्याचं कबूल केलं, एकाने पाठवलीही.

पुढची गडबड अर्थसंकल्पाची. तो फेब्रुवारीत सभेपुढे येईल. गेल्या वर्षी कोणत्या शीर्षाखाली किती धरले आणि प्रत्यक्ष किती खर्च झाले, एवढं एका फळ्यावर मावेल अशा रीतीने मांडायचं आहे. नाल्यापलीकडच्या वस्तीत सार्वजनिक दिवे आणि वाचनालयाजवळ झेब्रा पट्टे, या दोन मागण्या लोकांच्या सह्यांनी तयार आहेत. खडू, फडकी, झेरॉक्स, स्टँप आणि चहा मिळून महिन्याला तीनशे रुपयांच्या आसपास खर्च येतो. सरांचा खांदा दुखतो, म्हणून नववीतल्या दोन मुली त्यांच्याकडे अक्षर गिरवायला येतात. खालची पट्टी आता त्याच लिहितात. काचेच्या दरवाजासाठी पैसे जमले नाहीत अजून.

उद्या सोमवार. दुपारी तीनला लेखा विभागात बसायचं आहे, मागच्या तीन वर्षांची जमा-खर्च पत्रकं बघायला.